उजवं कोपर, डावी मांडी
वाचकांचे प्रश्न, या वेळचा विषय : तत्त्वज्ञ

या विषयावरची बहुतेक पत्रं एकाच जागी येऊन थांबली : तत्त्वज्ञ ओळखायचा कसा? कुणाला तो संग्रहालयात ओळखायचा आहे, कुणाला प्रवासात गाठायचा आहे, कुणाला घरातल्या घरात व्हायचं आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रं जागेअभावी छाटली आहेत.

प्रश्न : आमच्या नाटकात पडदा उघडतो तेव्हा एक नट रोदँच्या 'विचारवंत' या शिल्पासारखा बसलेला दिसायला हवा. पण तो विचारात गढलेला वाटण्याऐवजी दाढ दुखत असल्यासारखा वाटतो. काय चुकत असेल?

बहुधा कोपर. जवळजवळ सगळेच जण उजवं कोपर उजव्या मांडीवर टेकवतात. शिल्पात ते डाव्या मांडीवर आहे. एवढाच बदल करून बघा. उजवा खांदा पुढे येतो, पाठीला पीळ बसतो, पोट आवळलं जातं आणि नुसतं बसणं हेसुद्धा मेहनतीचं काम होतं. रोदँला तेच हवं होतं. त्याचा माणूस डोक्याने जितका विचार करतो, तितकाच पाठीने आणि पोटऱ्यांनी करतो.

दाढदुखीचं कारण मात्र हात. हनुवटी मुठीवर ठेवायची नाही आणि गालाला तर हात लावायचाच नाही. मनगट वाकवून हनुवटी हाताच्या पाठच्या बाजूवर टेकवायची, बोटं आत मुडपलेली, ओठ हातावर दाबलेले. गालाला हात ही युरोपीय चित्रकलेत विषण्णतेची जुनी खूण आहे. ड्यूररच्या 1514च्या 'मेलेंकोलिया' या ताम्रपटावरच्या चित्रात पंख असलेली आकृती तशीच बसली आहे. प्रेक्षकाला ड्यूरर माहीत नसला तरी खूण बरोबर पोचते, म्हणून तुमचा नट दुःखी दिसतो.

बैठक बुटकी हवी. नेहमीची खुर्ची साधारण 45 सेंटिमीटर उंच असते. त्याऐवजी 30 ते 35 सेंटिमीटरचं खोकं घ्या, म्हणजे गुडघे कमरेच्या वर येतील आणि कोपराला मांडीपर्यंत पोचायला फार वाकावं लागणार नाही. डावा हात डाव्या गुडघ्यावर, पंजा सैल सोडलेला. पायाची बोटं जमीन पकडल्यासारखी आत वळलेली. हे पहिल्या रांगेशिवाय कुणाला दिसणार नाही, पण त्यामुळे पोटरीचा स्नायू ताठतो आणि तो शेवटच्या रांगेतूनही दिसतो.

बसण्याचा क्रमही ठरवून घ्या : आधी पाय, मग कमरेतून पीळ, मग कोपर, सगळ्यात शेवटी हनुवटी. आधी मान खाली घातली तर पाठीला कुबड येतं आणि पीळ राहूनच जातो. छाती दाबली गेल्यामुळे श्वास उथळ होतो, त्यामुळे दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ नटाला तसं ठेवू नका.

नजर कुठे? पायाशी नव्हे, दोन-तीन मीटर पुढच्या जमिनीवर. ही आकृती 1880च्या सुमारास 'नरकाचं द्वार' या प्रचंड दरवाजाच्या वरच्या भागासाठी केलेली होती. तेव्हा ती जेमतेम 70 सेंटिमीटरची होती आणि तिचं नाव होतं 'कवी'. हा दान्ते, आपल्याच काव्यातल्या नरकाकडे वरून पाहणारा. पुरुषभर उंचीचं शिल्प 1904 साली लोकांसमोर आलं. म्हणजे तत्त्वज्ञाचं म्हणून जगभर छापलं जाणारं हे चित्र मुळात तत्त्वज्ञाचं नाहीच. तुमच्या दृश्यात तो कवी असता तरी चाललं असतं, हे दिग्दर्शकाला सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

प्रश्न : संग्रहालयात ग्रीक आणि रोमन दालनात दाढीवाले अर्धपुतळे ओळीने ठेवलेले असतात. सगळे सारखेच दिसतात. तत्त्वज्ञ कोणता आणि राजा कोणता, हे पाटी न वाचता कळू शकतं का?

थोडंफार. एक साल लक्षात ठेवलं की बरंच काम होतं : 117.

अलेक्झांडरने दाढी काढून टाकली आणि त्याच्यानंतर ग्रीक जगात गुळगुळीत चेहऱ्याची चाल पडली. त्या काळात दाढी राखून राहिले ते प्रामुख्याने तत्त्वज्ञ. रोमन बडे लोकही दाढी करत. म्हणून त्या सुमारे चारशे वर्षांतलं दाढीवालं, प्रौढ, कपाळावर आठ्या असलेलं डोकं दिसलं तर तत्त्वज्ञाची शक्यता चांगली. सन 117मध्ये हेड्रियन सम्राट झाला आणि तो दाढी राखणारा होता. पाठोपाठ दरबार, सरदार, सावकार सगळ्यांनी राखल्या. त्यानंतरच्या पुतळ्यात दाढीवरून काहीच ठरत नाही. मार्कस ऑरेलियस तर सम्राटही होता आणि तत्त्वज्ञही, त्याच्यापुढे हा नियम हात टेकतो.

कपड्यांवर फार विसंबू नका. अंगरख्याशिवाय नुसतं उपरणं गुंडाळलेलं, छाती उघडी, हा तत्त्वज्ञाचा वेश खरा, पण वक्ते आणि कवीही तसेच घडवलेले आहेत. नाकावरही भरवसा नको. संगमरवरी पुतळ्याचं सगळ्यात आधी तुटतं ते नाक, आणि सतराव्या-अठराव्या शतकात संग्राहक ते सर्रास नवं बसवून घेत. बाजूने उजेड पडतो तिथे उभं राहून नाकाच्या बुडाशी बारीक सांधा दिसतो का ते पाहा. सॉक्रेटिस याला अपवाद. बसकं नाक, जाड ओठ, टक्कल आणि बटबटीत डोळे या सगळ्यांचा मेळ दुसऱ्या कुणात नाही.

नाव नक्की कसं होतं, त्याची दोन उदाहरणं. एपिक्युरसचा चेहरा ठरला तो 1742मध्ये रोममध्ये सांता मारिया माज्जोरे चर्चच्या बांधकामात सापडलेल्या जोडशिल्पामुळे. दोन डोकी पाठीला पाठ लावून एका खांबावर, एकाखाली एपिक्युरस आणि दुसऱ्याखाली मेट्रोडोरस अशी नावं कोरलेली. मग त्याच्याशी ताडून बाकीचे निनावी एपिक्युरस सापडत गेले.

रोमन तत्त्वज्ञ सेनेकाचं उलटं झालं. विस्कटलेले केस, खपाटीला गेलेले गाल, शिरा ताणलेली मान असलेलं एक डोकं विद्वानांनी सोळाव्या शतकाच्या अखेरीस सेनेकाचं ठरवून टाकलं. विरक्त माणूस असाच असणार, एवढाच खरा आधार. रूबेन्सने मरणाऱ्या सेनेकाच्या चित्रात तोच चेहरा वापरला. मग 1813मध्ये रोममध्ये नाव कोरलेलं जोडशिल्प निघालं, एका बाजूला सॉक्रेटिस, दुसऱ्या बाजूला सेनेका. हा सेनेका गुबगुबीत, दाढी नसलेला, दुहेरी हनुवटीचा, जेवणखाण व्यवस्थित असलेला गृहस्थ. ते आता बर्लिनमध्ये आहे. रोममधल्या अतिश्रीमंतांपैकी एक असलेल्या माणसाला हा चेहरा जास्त शोभतो. जुनं हडकुळं डोकं आता संग्रहालयांत 'तथाकथित सेनेका' या नावाने मांडतात. तशी पाटी दिसली की ही भानगड आठवा.

प्रश्न : यंदा रोमला जाणं होणार आहे. राफाएलचं 'अथेन्सची शाळा' बघायचंच आहे. पण तिथे फार गर्दी असते म्हणे, पाच-दहा मिनिटंच मिळतील. काय बघावं?

दिवस आधी बघा. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद असतात. महिन्याचा शेवटचा रविवार उघडा असतो, पण तेव्हा प्रवेश फुकट, म्हणजे गर्दी कळसाला. चित्र ज्या दालनात आहे ते सिस्टिन चॅपेलच्या वाटेवर लागतं. पुढच्या दालनाच्या ओढीने लोक इथून रेटत जातात, तुम्हीही वाहत जाल. आत शिरल्या शिरल्या समोरच्या भिंतीला पाठ लावा. चित्र पायाशी सुमारे पावणेआठ मीटर रुंद आहे, दोन मीटरवरून ते मावतच नाही. जमलं तर छोटी दुर्बीण न्या.

पहिलं मिनिट छताला द्या. बरोबर वर तत्त्वज्ञानाची देवता बसली आहे आणि तिच्या दोन बाजूंच्या मुलांच्या हातातल्या पाट्यांवर लॅटिनमध्ये 'कारणांचं ज्ञान' असं लिहिलंय. चित्राचा विषय हा आहे. 'अथेन्सची शाळा' हे नाव राफाएलचं नव्हे, मागून पडलेलं.

मग मधले दोघे. दोघांच्या हातातल्या पुस्तकांवर इटालियनमध्ये नावं आहेत, ती वाचा. प्लेटोच्या हातात 'तिमेओ', बोट वर. अ‍ॅरिस्टॉटलच्या हातात 'एतिका', पंजा जमिनीला समांतर. कमानींच्या सगळ्या रेषा या दोघांच्या मधल्या जागेकडे धावतात.

बाकी पन्नासहून अधिक माणसांपैकी खात्रीने नाव घ्यावं असे थोडेच. पायऱ्यांवर पसरलेला, शेजारी वाडगा ठेवलेला तो डायोजिनीस. डावीकडे खाली पोरगा ज्याच्यापुढे सुरांच्या गणिताची पाटी धरून बसलाय तो पायथागोरस. उजवीकडे वाकून कंपासने आकृती काढणारा टकल्या तो युक्लिड, वास्तुरचनाकार ब्रामान्तेच्या चेहऱ्याचा. त्याच्यामागे पाठमोरा, पृथ्वीचा गोल धरलेला तो टॉलेमी, आणि त्याच्या डोक्यावर मुकुट आहे तो गफलतीने : खगोलवेत्ता टॉलेमी आणि इजिप्तचे टॉलेमी राजे यांची तेव्हा सरमिसळ झालेली होती. अगदी उजव्या कडेला काळी टोपी घातलेला, थेट आपल्याकडे बघणारा तरुण म्हणजे राफाएल. डावीकडची पांढऱ्या वस्त्रातली आकृती हायपेशिया या प्राचीन काळातल्या विदुषीची आहे असं इंटरनेटवर ठासून सांगतात. त्याला भक्कम आधार नाही.

वेळ उरला तर तो मधोमध खाली बसलेल्या माणसाला द्या. पायात बूट, दगडी ठोकळ्यावर कोपर, कागदावर लेखणी थबकलेली. हा हेराक्लायटस आणि चेहरा मायकेलअँजेलोचा, असं सर्वसाधारण मत. हा मागाहून घुसवलेला आहे. ओल्या गिलाव्यावर रंगवताना रोज एका दिवसाच्या कामापुरता गिलावा थापतात. या आकृतीचा तुकडा आधीच्या गिलाव्यात नंतर बसवलेला आहे, असं तपासणीत दिसलं. शिवाय राफाएलचा कच्चा आराखडा मिलानमधल्या अँब्रोझियाना संग्रहात आहे, सुमारे 8 मीटर लांब, दोनशेच्या वर कागद जोडून केलेला. त्यात ही जागा मोकळी आहे. मिलान वाटेत असेल तर तो चुकवू नका. तिथे गर्दी कमी असते आणि हाताचे फटकारे दिसतात.

प्रश्न : एका लेखासाठी तत्त्वज्ञाचं रेखाचित्र हवं आहे. म्हातारा, पुस्तक, मेणबत्ती, खिडकी सोडून काही सुचत नाही.

खिडकीपाशी बसलेल्या म्हाताऱ्याचं सगळ्यात गाजलेलं चित्र लूव्ह्रमध्ये आहे, रेम्ब्रांटचं, 1632चं, 'ध्यानमग्न तत्त्वज्ञ'. आकार फक्त 28 गुणिले 34 सेंटिमीटर. डावीकडे खिडकीचा पिवळा उजेड, त्यात हात जुळवून बसलेला वृद्ध, मध्ये अंधारात वळत जाणारा लाकडी जिना आणि उजव्या कोपऱ्यात विस्तव सारखा करणारी बाई. नाव अठराव्या शतकातलं. आता बरेच अभ्यासक म्हणतात की हा बायबलच्या परंपरेतला आंधळा टोबिट आणि ती त्याची बायको. तसं असेल तर तो चिंतन करत नाहीये, मुलाची वाट बघतोय. चित्रात रेषभरही फरक झाला नाही, नाव काढल्याबरोबर तत्त्वज्ञ नाहीसा झाला. वय, दाढी आणि खिडकी यांच्या बळावर किती थोडं उभं राहतं, ते यावरून बघा.

तेव्हा विचार चेहऱ्यावर काढू नका, हातात काढा. अर्धवट राहिलेलं काम दाखवा : मिटलेल्या पुस्तकात खूण म्हणून अडकवलेला अंगठा, खोडलेली ओळ, कागदापासून बोटभर उचललेली लेखणी. स्पॅनिश चित्रकार रिबेराने 1630मध्ये काढलेला फाटक्या कपड्यातला डेमोक्रिटस हसतोय आणि त्याच्या हातात कंपास आहे. त्या कंपासमुळे तो बराच काळ आर्किमिडीज समजला गेला, हा त्यातला धोका. एकाच अवजारावर भिस्त ठेवली की वाचक दुसराच माणूस ओळखतो. दोन वस्तू घ्या, एकमेकींना न शोभणाऱ्या.

प्रश्न : 'तत्वज्ञ' की 'तत्त्वज्ञ'? आणि तत्त्वज्ञ, दार्शनिक, तत्त्वचिंतक यांत फरक काय?

तत्त्वज्ञ. तत् + त्व = तत्त्व, म्हणून दोन त. सत्त्व, महत्त्व, व्यक्तिमत्त्व यांतही मूळ शब्दाच्या शेवटी त् आहे, म्हणून तिथेही दोन. मातृत्व, कवित्व, नेतृत्व यांत मूळ शब्दाला त् नाही, तिथे एकच.

अर्थाची गंमत जास्त आहे. ग्रीक शब्दाचा अर्थ शहाणपणाची ओढ असलेला, म्हणजे ज्याच्याकडे ते अजून नाही असा. आपला 'तत्त्वज्ञ' म्हणजे ज्याला तत्त्व कळलंय तो. शोधणाऱ्यासाठी आपण पोचलेल्याचा शब्द वापरतो आणि मग तत्त्वज्ञाला 'माहीत नाही' म्हणताना ऐकलं की लोकांचा विरस होतो. 'जिज्ञासू' मूळ अर्थाच्या जास्त जवळ, पण तो शब्द आपण चौकस पोरांना देऊन बसलो. 'दार्शनिक' दर्शनपरंपरेच्या संदर्भात नेमका, 'तत्त्वचिंतक' जरा नम्र. लेखात कोणताही एक घ्या आणि शेवटपर्यंत तोच ठेवा.

प्रश्न : तत्त्वज्ञ चालत विचार करत, असं वाचलंय. त्यांच्या वाटांवरून चालायला जायचं असेल तर कुठे जावं? नुसतं पर्यटन होऊ नये अशी इच्छा आहे.

तीन ठिकाणं सांगतो, तिघांची जात वेगळी.

जर्मनीत हायडेलबर्गला फिलॉसॉफेनवेग, म्हणजे 'तत्त्वज्ञांची वाट' आहे, नेकार नदीच्या उत्तर तीरावर, डोंगराच्या उन्हाळ बाजूला, दोनेक किलोमीटर. नावावरून एखादा थोर पुरुष शोधू नका. जुन्या काळी विद्यापीठात कुठलाही विषय घेण्याआधी तत्त्वज्ञान शिकावं लागे, त्यामुळे 'फिलॉसॉफर' म्हणजे सरसकट विद्यार्थी. ही पोरांची फिरायची वाट. जुन्या पुलावरून थेट वर जाणारी श्लांगेनवेग ही पायवाट उभ्या चढाची आणि दगडी पायऱ्यांची आहे, पावसात निसरडी. गुडघे कुरकुरत असतील तर नॉयनहाइमच्या बाजूने चढा आणि श्लांगेनवेगकडे पाठ फिरवा. उतरतानासुद्धा.

जपानमध्ये क्योतोतली 'तत्त्वज्ञाची वाट' मात्र एका माणसाशी जोडलेली आहे, निशिदा कितारो (1870–1945). गिन्काकुजी मंदिराजवळून कालव्याच्या काठाने दक्षिणेला साधारण दोन किलोमीटर, अगदी सपाट. न थांबता अर्धा तास. एप्रिलच्या सुरुवातीला चेरी फुलते तेव्हा तिथे चालता येत नाही, सरकता येतं. पाणी कुठे वाहतंय ते बघा : हा बिवा सरोवराच्या कालव्याचा फाटा आहे आणि तो उत्तरेला वाहतो, शहरातल्या नद्यांच्या उलट. पाण्याच्या विरुद्ध चालायचं की बरोबर, ते ठरवून निघा. चालीत फरक पडतो.

तिसरं ठिकाण स्वित्झर्लंडमधलं सिल्स मारिया. नीत्शेने 1881चा आणि मग 1883 ते 1888चे उन्हाळे इथे एका घरातल्या भाड्याच्या खोलीत काढले. घर आता संग्रहालय आहे. उन्हाळी आणि हिवाळी हंगामांच्या मधल्या आठवड्यांत ते बंद असतं, तारखा पाहूनच तिकीट काढा. ऑगस्ट 1881मध्ये त्याला 'शाश्वत पुनरावृत्ती'ची (सगळं पुन्हा पुन्हा तसंच घडत राहतं, ही) कल्पना सुचली तो पिरॅमिडसारखा खडक सिलव्हाप्लाना सरोवराच्या काठाला, सुरलेजजवळ आहे. उंची 1800 मीटर. पहिल्या दिवशी डोकं जड होतं आणि धाप लागते, तेव्हा लांबची वाट दुसऱ्या दिवशी ठेवा.

पर्यटन होऊ नये, यासाठी उपाय साधा आहे : एक प्रश्न घेऊन निघा आणि कागदाची छोटी वही खिशात ठेवा. फोनवर लिहायला थांबलात की फोटो काढाल, आणि पहिल्या फोटोनंतर प्रश्न गेलाच म्हणून समजा. दोघांनी जायचं तर जाताना गप्प, येताना बोलायचं. जर्मन तत्त्वज्ञ कांट तर मुद्दाम एकटा चाले, कारण सोबत असली की बोलावं लागतं, बोलताना तोंडाने श्वास घेतला जातो, आणि त्याला फक्त नाकाने घ्यायचा होता.

याच कांटने पूर्व प्रशियाबाहेर कधी पाऊल टाकलं नाही आणि तरी चाळीसेक वर्षं विद्यापीठात भूगोल शिकवला. प्रवास केलाच पाहिजे असं काही नाही, एवढ्यासाठी सांगितलं.

प्रश्न : एडिनबरोला तत्त्वज्ञ ह्यूमच्या पुतळ्याच्या अंगठ्याला हात लावला की बुद्धी मिळते म्हणतात. खरं का?

पायाचा अंगठा लखलखीत झालाय, एवढं खरं. सततच्या घासण्याने ब्राँझवरचा काळपट थर निघून जातो आणि घासणं थांबतच नसल्यामुळे तो पुन्हा धरत नाही. चमत्कारांवर विश्वास ठेवू नये यासाठी ज्याने युक्तिवाद रचला, त्याच्याच पायाशी परीक्षेआधी विद्यार्थी रांग लावतात. लावा हात. ह्यूमला गंमत वाटली असती.

प्रश्न : रोज रात्री 'दिवसाचा हिशोब' घ्यायला सुरुवात केली. प्राचीन ग्रीस-रोममधले स्टोइक तत्त्वज्ञ घेत म्हणून. आठवड्याभरात इतकं अपराधी वाटायला लागलं की झोप उडाली. बंद करू का?

बंद नको, दुरुस्त करा. तुमच्या पद्धतीतून एक पायरी गळली आहे.

सेनेकाने क्रोधावर लिहिताना ही पद्धत सांगितली आहे. ती त्याने सेक्स्टियस नावाच्या आधीच्या तत्त्वज्ञाकडून घेतली. सेक्स्टियस झोपताना मनाला तीन गोष्टी विचारी : आज कोणती खोड बरी केलीस? कोणत्या दोषाला अडवलंस? कोणत्या बाबतीत सुधारलास? नीट बघा, तिन्ही प्रश्न जमलेल्या गोष्टीचे आहेत. तुम्ही बहुधा 'आज काय काय चुकलं' इथूनच सुरुवात करत असाल.

सेनेका सांगतो की दिवा विझला आणि सवय माहीत असलेली बायको गप्प झाली की तो दिवस तपासायला घेतो. त्याची उदाहरणं अगदी किरकोळ आहेत : वादात जरा जास्तच ताणलं, किंवा कुणाला इतकं मोकळेपणाने सुनावलं की तो सुधारण्याऐवजी दुखावला. आणि प्रत्येकापुढे तो स्वतःला काय म्हणतो? पुन्हा करू नकोस, या खेपेला तुला माफ केलं. ही गळलेली पायरी. माफीशिवायचा हिशोब म्हणजे नुसती थकबाकी, रोज व्याज चढणारी.

तेव्हा असं करा. दिवा घालवल्यावर, पाच ते सात मिनिटं. सकाळपासून क्रमाने या, म्हणजे मन सगळ्यात बोचऱ्या प्रसंगावर उडी मारणार नाही. आधी एक जमलेली गोष्ट. मग चुकलेल्या जास्तीत जास्त दोन. प्रत्येकीसाठी पुढच्या वेळी काय करायचं ते एका वाक्यात, कृतीचं वाक्य : 'चांगलं वागेन' चालणार नाही, 'फोन घेण्याआधी हातातलं काम खाली ठेवेन' चालेल. मग माफी, शब्दांत, मनातल्या मनात का होईना. झालं. मध्येच झोप लागली तर उत्तम. लिहून ठेवायचा मोह आवरा. लिहायला घेतलं की वाचणारा डोळ्यांसमोर येतो आणि माणूस छान लिहायला लागतो.

दुसऱ्या एका पत्रात 'उद्या काय वाईट होऊ शकतं याची आधीच कल्पना करणं' या स्टोइक सरावाबद्दल विचारलंय. तो रात्री करू नका, सकाळी करा. एकच प्रसंग, दोन-तीन मिनिटं, आणि शेवट 'तसं झालं तर मी हे करेन' इथे व्हायलाच हवा. शेवट न होता तेच तेच फिरत राहिलं तर तो सराव नव्हे, काळजी आहे. ज्यांना मुळात काळजीचाच त्रास आहे त्यांनी हा सराव वगळावा, आणि झोप आठवडेच्या आठवडे जात असेल तर सेनेकाकडे नको, डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : आम्ही सात-आठ जण महिन्यातून एकदा 'तत्त्वज्ञानाचा कट्टा' भरवतो. दोघे बोलतात, बाकीचे ऐकतात, शेवटी चहा. हे कसं बदलावं?

संख्या तुमची ठीक आहे. कांट म्हणे, जेवणाच्या पंगतीला तीनपेक्षा कमी नकोत आणि नवापेक्षा जास्त नकोत. बोलण्याच्या पंगतीलाही ते लागू पडतं.

कट्ट्याचे दोन नमुने आहेत. एक पॅरिसचा : 1992मध्ये मार्क सोते यांनी बास्टिल चौकातल्या एका कॅफेत रविवारच्या खुल्या चर्चा सुरू केल्या. कुणीही यावं, विषय तिथेच ठरावा. त्यात मजा असते, पण तुमचा 'दोघे बोलतात' हा रोग तिथेच सगळ्यात जास्त. दुसरा जर्मन तत्त्वज्ञ लेओनार्ड नेल्सन (1882–1927) यांच्या पद्धतीतून वाढलेला, तो तुमच्या कामाचा. त्यात थोरांची नावं घ्यायला बंदी आणि अनुभवातल्या उदाहरणाची सक्ती.

प्रश्न असा निवडा की त्याचं उत्तर पुस्तकात किंवा फोनवर मिळणार नाही, पण आयुष्यात तपासता येईल. 'सत्य म्हणजे काय' यावर दोन तास जातात आणि हाती काही लागत नाही. 'मित्राला न विचारता त्याच्या भल्यासाठी खोटं बोलावं का' हा चालतो. मग प्रत्येकाने स्वतःच्या बाबतीत घडलेला एक प्रसंग दोन मिनिटांत सांगायचा. त्यातला एकच निवडायचा. प्रसंग खरा हवा, स्वतःचा हवा आणि संपलेला हवा. ही तिसरी अट लोक विसरतात. चालू असलेलं भांडण आणलं की सगळे सल्ले द्यायला लागतात आणि कट्ट्याचं समुपदेशन होतं.

निवडलेला प्रसंग सांगणाऱ्याने सविस्तर सांगावा, बाकीच्यांनी फक्त तपशील विचारावेत : नक्की कोणते शब्द वापरलेस, कोण समोर होतं, त्या क्षणी काय वाटलं. फळ्यावर लिहा. मग त्याने जे केलं त्यामागे त्याने काय गृहीत धरलं होतं, ते एका वाक्यात मांडायचं. ते वाक्य आणि त्यावरचे आक्षेप एवढ्यावर उरलेला वेळ. दीड तासाच्या बैठकीत प्रसंगावर पाऊण तास गेला तरी घाबरू नका, तिथली घाई पुढे महागात पडते.

बोलक्या दोघांसाठी नियम एकच पुरतो : आपलं म्हणणं मांडण्याआधी मागच्याचं म्हणणं त्याला 'हो, हेच' म्हणता येईल असं सांगायचं. वाचाळ माणूस निम्म्या वेळा इथेच अडकतो, कारण त्याने ऐकलेलं नसतं. गप्प बसणाऱ्यांना नाव घेऊन विचारू नका, ते आणखी मिटतात. प्रश्न टाकल्यावर अर्ध्या मिनिटाची सक्तीची शांतता ठेवा, घड्याळ लावून. सुरुवातीला ती असह्य वाटते. दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीपासून पहिलं वाक्य भलत्याच माणसाकडून येतं.

संचालकाने स्वतःचं मत द्यायचं नाही. देण्यावाचून राहवत नसेल तर त्या दिवशी संचालन दुसऱ्याकडे. आणि तो चहा शेवटी नको, मध्ये घ्या, प्रसंग सांगून झाल्यावर. फळ्यावरचं वाक्य सगळ्यांना दिसेल अशा जागी कप घेऊन उभं राहा.